वरून खाली

वेस्ट्रे बेटावर दारांना कुलपं आहेत,
टॅम रेंडल सांगतो,
पण किल्ल्या कुठे गेल्या ते कुणाला आठवत नाही.

तिथल्या हॉलमध्ये, चहाच्या किटलीवरच्या फळीवर
एक राउटर आहे.
त्याच्या दारावर मात्र दर चार सेकंदांनी
कुणीतरी टकटक करतं.
मी इकडे कर्कवॉलला, समुद्राच्या अलीकडे,
लॉग उघडून वाचत बसते:
ॲडमिन आहेस का? रूट आहेस का? टेस्ट?
रात्री अडीचला. पहाटे चारला. नाताळच्या दिवशीसुद्धा.
उत्तर नाही मिळालं तर पुढच्या घरी जातात.
रागावत नाहीत, दमतही नाहीत.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
मी नियम लिहायला घेतले.
ॲडमिनचं पान फक्त माझ्यापुरतं:
एकच पत्ता, एकच पोर्ट, आठ हजार चारशे त्रेचाळीस.
बाकी सगळ्यांना नको.

फायरवॉल वरून खाली वाचते.
जी ओळ आधी जुळली ती पाळते,
पुढे काय लिहिलंय ते बघायलाही जात नाही.
नव्या पोरांकडून हे मी दोनदा घोकून घेते.

आणि मीच 'बाकी सगळ्यांना नको'
आधी लिहिलं.
एंटर.

कर्सर गोठला.
मी पुन्हा हाक मारली. पुन्हा.
लॉग दिसत असता तर आता त्यात
माझाही पत्ता दिसला असता,
त्या टकटक करणाऱ्यांच्या रांगेत,
तितकाच परका.

आणि तेवढ्यावर भागलं नाही.
आतून जे प्रश्न विचारायला बाहेर पडले होते
त्यांची उत्तरंही दाराशी अडली.
उद्या नऊला नर्सबाईंचं व्हिडिओ क्लिनिक.
वाऱ्यामुळे बोट रद्द, गुरुवारपर्यंत.
लँडलाइन तेवढी जिवंत.

"हेमिश?" टॅम ओरडला.
हेमांगी, मी म्हटलं.
"तेच ते. बोल, हेमिश."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस
रात्री सव्वादहाला, टॉर्च घेऊन,
कुत्र्याला शिव्या हासडत हॉलपर्यंत गेला.
दार नुसतं ढकललं.
भिंतीवरच्या फोनवरून म्हणाला, पोचलो.

वायर उपट. तीस मोज. परत लाव.
त्याने मोठ्याने तीस मोजले,
सतरानंतर एकदम एकोणीस. मी गप्प राहिले.

नियम मी लिहिले होते, सेव्ह केले नव्हते.
राउटर उठेल तेव्हा माझी चूक
त्याला आठवणारच नाही.
आमच्या घराण्यात ही सोय नव्हती.

"तांबडा," टॅम म्हणाला. "तांबडाच.
आता पिवळा.
अजून पिवळा. कुत्रं थरथरतंय इथे.
हिरवा!"

या खेपेला आधी घड्याळ लावलं,
उशिरा सुचलेलं शहाणपण:
दहा मिनिटांत मी 'ठीक' म्हणाले नाही
तर सगळं पूर्ववत कर.
मग एकेक ओळ, पुटपुटत:

इथून जे निघाले होते, त्यांचं उत्तर परत येऊ दे.

या ओळीशी बोटं उगाच थांबली.

माझ्या पत्त्यावरून कुणी आलं तर
या एका दारातून आत घे.
बाकी सगळ्यांना नको.

बाहेर पडले. पुन्हा आले. उघडलं.
ठीक, म्हटलं. सेव्ह.

"लागलं कुलूप?" टॅमने विचारलं.
लागलं.
"मग मी दार नुसतं ओढून घेतो," तो म्हणाला.
"अशा वाऱ्यात कुणाला
थांबावं लागलं तर."