हाडाला आठवण नसते

पिशवी उलटी केली, टेबलावर खडखडली
मेंढ्यांच्या घोट्यांची चाळीस हाडं.
झावखानच्या शाळेत फासे विकत आणावे लागत नाहीत,
कुणाच्याही कोटाच्या खिशात सापडतात.

"बाजू चार. घोडा, उंट, मेंढी, बकरी.
घोडा पडण्याची शक्यता किती?"
"एक चतुर्थांश!" अख्खी दहावी एका सुरात.
"टाका तर."

टाकली. स्टोव्हमधल्या गोवऱ्या विझेपर्यंत टाकली.
मी रेघा ओढत गेले, चार उभ्या, पाचवी आडवी.
हजार भरल्या तेव्हा फळ्यावर बोटभर जागा नव्हती :
बकरी तीनशे एक्क्याण्णव, मेंढी तीनशे बासष्ट,
घोडा एकशे अठ्ठावीस,
उंट त्याहून नऊनं कमी.

गान्सुख म्हणाला, "हाडं लबाड आहेत."
लबाड नाहीत रे.
घोड्याला अरुंद कडेवर उभं राहायचं असतं,
म्हणून तो क्वचित उभा राहतो.
चारही बाजू सारख्या, हे आपण धरून चाललो.
हाडानं तसा शब्द दिला नव्हता.

नार्मंडाख टाकत नव्हती, नुसती मोजत होती.
तिनं घरून आणलेलं हाड
अजून पांढरं होतं, हातांनी पिवळं न झालेलं.
सगळ्यात शेवटी टाकलं. घोडा.
पुन्हा घोडा.
तिसऱ्यांदाही.
पोरं बाकांवर चढली, "आता मेंढीच! आता मेंढीची पाळी!"

आयती संधी. मी खडू उचलला :
"पाळी कुणाचीच नसते.
मागे काय पडलं, हाडाला ठाऊक नसतं.
लिहून घ्या, हाडाला आठवण नसते."

एकोणतीस पेनं चालली. एक नाही.

"बाई, ही आमची शेवटची मेंढी."
आवाज अगदी सरळ, उत्तर वाचून दाखवावं तसा.
"गवतावर बर्फ काचेसारखा गोठला ना, तेव्हाची.
तालुक्याच्या तक्त्यात लिहिलंय,
दर घरी सरासरी एकतीस दगावली.
आमची तीनशे चार गेली.
टेकडीपलीकडच्या दोर्लिगकाकांचं एकही नाही.
मग एकतीस
कुणाच्या घरी मेली?"

मध्यक पुढच्या महिन्यात शिकवायचा होता.
त्याच तासाला शिकवला.
फळा पुसायला हात वर गेला, आणि मग
रेघांच्या कडेनंच, बारीक अक्षरात लिहीत गेले.

घंटा झाल्यावर हाडं मोजून पिशवीत भरली.
चाळीस. बरोबर.
एकेचाळिसावं तिच्या मुठीत होतं.