चौकोनी गांध

पहिल्यांदा उठलं ते मार्गशीर्षात,
हर्णैच्या वाळूत, ऐन लिलावात.
आधी मनगटावर डास चावल्यागत एक फुगवटी,
मग कोपरापर्यंत लाल काठांची बेटं,
एकात एक मिसळत गेलेली.
सरंग्याचा भाव बोलायचा सोडून
मी हात पाठीमागे लपवला.

झुबेदा म्हणाली, पित्त उठलंय गं, आमसूल लाव.
लावलं.
चार आमसुलं भिजवून त्यांचं तांबडं पाणी
दंडापासून बोटांपर्यंत.
पोलक्यावर डाग पडला तो अजून आहे,
पण तासाभरात कातडी कोरी,
भरती येऊन गेलेल्या पुळणीसारखी.
मी आमसुलाला हात जोडले.
ते आपलं आपणच जाणार होतं,
हे फार पुढे कळलं.

मग घरात खटला उभा राहिला.
आरोपी पहिली कोळंबी. सोडली.
बांगडा सोडला. वांगं सोडलं.
अंडं, शेंगदाणे, आंबट ताक.
जाऊ म्हणाली, देवाचं काही राहिलंय का बघा,
तर गाऱ्हाणंही घालून झालं.
बंदरावर जन्मलेली मी
पेजेवर आले,
आणि सकाळी हात पुन्हा भरलेलाच.
खाज सोसवेना तेव्हा काय करायची?
टोपलीतला बर्फ उचलायची
आणि त्याच्यावर घासायची.

दापोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत
हात स्वच्छ.
ऐन वेळी फितूर झालेला साक्षीदार.
कानविंदे डॉक्टरीणबाईंनी
काय खाता हे विचारलंच नाही.
म्हणाल्या, हातांनी काय करता?
बर्फ फोडते, म्हटलं.
पहाटे चारला गाडी येते, लादी फोडते,
मासळीवर थर देते, एकोणीस वर्षं.

त्यांनी आतून बर्फाचा खडा मागवला,
पिशवीत घालून माझ्या हातावर ठेवला,
घड्याळाकडे बघत बसल्या.
पाच मिनिटांनी उचलला. काही नाही.
मी हसणार, तोच म्हणाल्या, थांबा.
कातडी ऊब धरू लागली
आणि वर आली ती,
चारही कोपरे शाबूत असलेली
चौकोनी गांध.
इतक्या वर्षांत माझ्या अंगावर
कुणी इतकं स्पष्ट काही लिहिलं नव्हतं.

शीतपित्त.
लहानपणापासून कानावरचा शब्द,
त्यातलं शीत कधी ऐकूच आलं नाही.
शितावरून भाताची परीक्षा म्हणतात,
मी नुसता भातच धरून बसले.

रोज एक गोळी, झोप न आणणारी.
आत लोकरीचे मोजे, वरून रबरी.
आंघोळ कोमट. सरबतात बर्फ नाही.
पाण्यात एकदम उडी नाही,
एकटीने तर नाहीच.
आणि ओठ सुजले, घसा आवळला, भोवळ आली,
तर आमसूल शोधत बसायचं नाही,
गाडी शोधायची.
जाईल का कधी? विचारलं.
काहींचं जातं काही वर्षांनी, काहींचं राहतं,
का, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही.
असं बोलणारा डॉक्टर
मी पहिल्यांदा पाहिला.

त्या संध्याकाळी कोळंबी आणली.
सोलताना तिची माफी मागितली,
मोठ्याने. जाऊ ऐकत होती.

आता लादी झुबेदा फोडते, भाव मी बोलते,
पैसे निम्मे निम्मे.
आमसुलाचं पाणी अजून लावते कधी कधी.
गोळीला सांगू नका.

उत्तरेचा वारा सुटला की मात्र
गालावर एक येतेच.
गालाला मोजा घालता येत नाही.
पदर ओढून घेते,
तरी वरून थोडी लाल दिसते.
गिऱ्हाइकाला वाटतं, त्याचा भाव ऐकून
बाई भडकली.
वाटू दे.
वीस रुपये वाढवून देतो.