आठशे

मत्राहच्या गल्लीत, माझ्या भट्टीपुढं
तिनं रुमाल सोडला. एकोणीस चमचे,
दर देठावर बगळा, चोचीत किल्ली.
फॉन एर्लेनमोअर, म्हणाली. चारशे वर्षं.
चोवीस होते.
दोन सफरचंदाखाली पुरले, रशियन आले तेव्हा,
एक नदीपार नेणाऱ्या नावाड्याला,
एक आजोबांच्या शवपेटीपायी,
एकाचं कुणी बोलत नाही.

आमच्याकडं, खानापूर तालुक्यात,
हेळवी यायचा बैलावर बसून.
पणज्याच्या पणज्यापर्यंत चोपडी वाचायचा,
पायलीभर जोंधळा घेऊन जायचा.
हिच्या घरात चमचेच हेळवी.

कसोटीवर घासला, तेजाबाचा थेंब सोडला.
आठशे, मी म्हणालो. हजारात दोनशे तांबं.
'पहिल्यापासून?'
पहिल्यापासून. नाहीतर वाकले असते.

ती हसली,
एवढी, की शेजारचा लोबानवाला डोकावला.
आजीनं आईला भर जेवणातून उठवलं होतं,
रक्त हलकं म्हणून.
हातात हाच चमचा असेल, नाहीतर हा.

मी वजन केलं. भाव रियालात सांगितला.
तांब्याचे पैसे धरत नाहीत, बाई.
'आम्हीही नाही धरले,' ती म्हणाली.

मुशीत बगळा आधी गेला.
किल्ली जरा वेळ दिसत राहिली.