इद्वलचा अंगठा

बावीस वर्षं मी त्याचा चेहरा रोज सकाळी केला
आणि रोज संध्याकाळी पुसला.
कार्डिफचा स्टुडिओ, तिसरी खोली, खिडकी नाही.
खुर्चीत बसला की विचारायचा,
"नेरिस, आज कोण?"

कधी पोस्टमन. कधी बिशप.
एकदा बस ड्रायव्हर, दोनच वाक्यं,
त्यातलं एक कापलं गेलं.
सायकलच्या दुकानातला खुनी झाला, तेव्हापासून
गल्लीत कुणी त्याची सायकल दुरुस्त करून देईना.
अकरा वर्षं ग्लेनिस नावाच्या बाईचा नवरा,
बाराव्या वर्षी तिला टाकून गेला,
तर स्वान्सीच्या बाजारात एका म्हातारीनं
हातातला कोबीचा गड्डा खाली ठेवला, नीट,
आणि याच्या कानाखाली वाजवली.
हा म्हणाला, "बाई, बरोबर केलंत."

एकोणीस वेळा मेला तो पडद्यावर.
मेलेल्याचे ओठ कसे रंगवायचे
ते मी त्याच्यावरच शिकले.
मेलेला माणूस गुणगुणत असला की जरा अवघड जातं.

सगळं बदलायचं,
उजव्या अंगठ्यावरचा वण तेवढा राहायचा.
तो झाकायला मी एक रंग कालवून ठेवला होता,
डबी नंबर सात.

सहा वर्षांचा असताना, ब्लायनायला,
बापाच्या छिन्नीखाली हात घातला होता त्यानं.
बाप पाट्या काढायचा.
डोंगराच्या पोटातून आलेला काळानिळा धोंडा
मांडीशी टेकवायचा, ऐकू यावं तसा वाकायचा,
आणि हलकेच एक टोला.
एकाच्या दोन, दोनाच्या चार,
चाराच्या आठ, पापडासारख्या,
आणि प्रत्येक पाटी अख्खी.
"दगडाला शीर असते," म्हणायचा,
"जोर लावलास तर चुरा होईल."
नट कसा झालात, असं कुणी मुलाखतीत विचारलं
की इद्वल हे सांगायचा.
मुलाखतवाले नेमकं तेच गाळायचे.

आई चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायची,
टीव्हीला पाप म्हणायची,
आणि मंगळवारी पडदे ओढून घेऊन बघायची.
असल्याच एका मंगळवारी मुलगा बंदरात बुडून मेला
आणि बाप ढसाढसा रडला.
मुलगा शेजारीच, सोफ्यावर, बशीत केकचा तुकडा.
"अरे बाबा, मी इथं आहे."
"तू गप्प बस," बाप म्हणाला, "बघू दे."
तेव्हाच त्याच्या छातीत धूळ वाजू लागली होती.

शेवटची भूमिका खाणकामगाराची मिळाली.
मी राखाडी पावडर भरली
नाकपुड्यांच्या कडांना, कानांत, पापण्यांत.
वण त्या दिवशी पहिल्यांदाच झाकला नाही.
कॅमेरा तिकडे फिरकलाच नाही.
सुरू झालं, आणि तो खोकला.
मी पफ हातात धरून उभी.
दिग्दर्शिका लंडनची पोर, मनानं चांगली,
म्हणाली, "इद्वल, थोडं कमी करू या का?
खोटं वाटतंय."
"हो, हो. जरूर."
दुसऱ्या टेकला अर्धा खोकला.
तिसऱ्याला नुसता घसा साफ केला.
तो ठेवला त्यांनी.

संध्याकाळी मी कापूस भिजवून आले
तर त्यानं मान मागे घेतली.
"आज राहू दे. असाच जातो."
बसमध्ये लोकांनी काय म्हटलं असेल, कोण जाणे.

आता पोर्थमॅडॉगला राहतो, समुद्राकडे पाठ करून.
थांब्यावर कुणीतरी हमखास गाठतं.
"तुम्ही ते बिशप ना?"
"हो."
"छे, हे ते, ग्लेनिसला टाकून गेलेले!"
"हो, तोही."
नाव मात्र कुणालाच आठवत नाही,
आणि तो सांगत नाही.

नवीन मुलींनी परवा माझा कप्पा आवरायला घेतला.
सात नंबरची डबी मी काढून घेतली.
रंग वाळून भेगाळलाय.
मध्यंतरी एकदोघांच्या हाताला लावून पाहिला होता,
जुळत नाही.