पट्टीवरची भोकं

चिन्नीनं आज पुस्तकाचा कोपरा खाल्ला.
हत्तीचा एक कान गेला
आणि सातव्या पानावरचा अर्धा सूर्य.
नागमणी म्हणाली, वाचायला दिलं होतं, जेवायला नाही.
मी म्हटलं, असू दे की गं,
आठ महिन्यांची पोर,
अजून हिरड्यांनीच वाचते.

मी स्वतः चौथीपर्यंत, तेही तेलुगू शाळेत.
मराठी शिकलो ती भिंतींवरून:
येथे थुंकू नये. कामगार पाहिजेत.
एसटीच्या कपाळावरून: होटगी, बार्शी, अक्कलकोट.
अजूनही जोडाक्षर आलं
की रिक्षा गतिरोधकावर चढावी
तसा चढतो आणि आदळतो.

आणि आवाज माझा मोठा.
सोळा वर्षं मागावर.
शेजारच्याकडं तंबाखू मागायची तरी
खटक्यांच्या वरून ओरडायचं.
पहिल्या दिवशी त्याच आवाजात वाचलं:
मांजर! भिंतीवर! बसलं!
चिन्नीनं ओठ काढला.
पलीकडून शमशादभाभी पिठाच्या हातानं धावत आली,
क्या हुआ अंबादासभाई, कोण पडलं?
कुणी नाही भाभी,
गोष्ट चालू आहे.

मग हळू बोलायला शिकलो.
सोपं नाही बरं ते.
आवाज उतरवत उतरवत छातीपर्यंत आणला
तेव्हा नागमणीचा विडी वळणारा हात थांबला.
म्हणाली, हा आवाज कुठं ठेवला होता?
लग्नाला नऊ वर्षं झाली.
मी पान उलटलं.
काय बोलणार?

तिची बोटं तंबाखूची.
पुस्तकाला शिवायच्या आधी
लिंबू चोळते, साबण लावते, हुंगून बघते,
पुन्हा साबण.
हजार विड्यांच्या दिवसात
तिच्या वाट्याला येतं एक पान.
पण त्या एका पानावर ती
मांजराची मावशी आणते, मावशीचं लग्न काढते,
लग्नात शेंगाचटणीवरून भांडण लावते.
मी म्हणतो, अगं छापलेत तीन शब्द,
हे सगळं कुठं लिहिलंय?
ती म्हणते, मग दोन शब्दांच्या मध्ये
जागा कशाला सोडलीय?

मांजर आमच्या घरात पिल्ली.
भाभीकडं बिल्ली, खालच्या निंगव्वाकडं बेक्कु.
चिन्नी चित्रावर थापट मारून म्हणते, ब्बा.
पंखा ब्बा. भाकरी ब्बा. मीही ब्बाच.
एका शब्दावर दुकान उघडलंय पोरीनं,
माल येईल सावकाश.

एप्रिलात मोराची चादर बंद झाली.
मालक म्हणाले, जॅकार्डच्या त्या पट्ट्या रद्दीत टाक.
टाकल्या. एक मात्र
शर्टाच्या आत घालून आणली.
पुठ्ठ्याची, तेलानं पिवळी पडलेली,
भोकंच भोकं.
इतकी वर्षं माग हेच वाचत होता:
भोक आहे, दोरा वर.
भोक नाही, दोरा खाली.
दोनच अक्षरांची त्याची शाळा
आणि तेवढ्यावर अख्खा मोर,
पिसाऱ्यातल्या डोळ्यांसकट.
मी त्याच्या शेजारी उभा राहून
कधी त्याला वाचन म्हटलं नव्हतं.

चिन्नीनं पट्टी घेतली.
आधी चाखली, तिची रीतच आहे ती.
मग एका भोकात बोट घातलं,
अडकलं, ओढलं, निघालं.
पुढच्या भोकाशी थांबली.
डोळा लावला.
पलीकडं मी होतो.

आता दुसरी पाळी करून येतो,
केसात सुताचा भुस्सा, कानात अजून माग चालू,
तर ही टक्क जागी.
पत्रा दिवसभराचं ऊन खाली सोडत असतो.
कानतुट्या हत्तीचं पुस्तक
ती माझ्याकडं ढकलते, उलटं.
नागमणी झोपेतच म्हणते, सरळ करा ते.
मी करत नाही.
उलटं तर उलटं.
तिच्या बाजूनं दिसतं तसं वाचतो, हळू:

भिंत.
मांजरावर.
बसली.