रविवारची चादर

टोर्मोडआजोबांनी साठ वर्षं
रविवारी दोरीवर काही वाळत घातलं नाही.
इथे लुईस बेटावर दोरीसुद्धा शब्बाथ पाळते,
असं म्हणायचे, आणि हसायचे नाहीत.

आज पहाटे त्यांच्या नकळत अंथरूण ओलं झालं.
मी चादर धुतली, पिळली.
ते भिंतीकडे तोंड करून पडलेले,
जणू नियमशास्त्र तिथेच लिहिलंय
आणि आता अक्षर लागत नाहीये.

माझे वडील राहुरीला दशांशाची वही ठेवायचे,
पै-पैचा हिशेब.
‘विश्वासाने नीतिमान’ हे त्यांना तोंडपाठ,
तरी शेवटच्या आजारात वही उशाशीच.
यातलं काही मी आजोबांना सांगितलं नाही.
चादर हीटरवर टाकते, एवढंच म्हटलं.

बऱ्याच वेळाने ते बोलले,
“बाहेर वारा चांगलाय.”

मग मीच घाबरले.
अख्ख्या गल्लीत ती एकच चादर फडफडत होती,
चार चिमटे, त्यातला एक मोडका,
आणि शेजारच्या मॅकिव्हरबाई
काळी टोपी घालून उपासनेला निघालेल्या.
फाटकापाशी थांबल्या. आत आल्या.
मी मनात खोटं जुळवत होते.

“कोपरा सुटलाय,” म्हणाल्या,
हातमोजा काढला
आणि मी चिमटा आणेपर्यंत
धरून उभ्या राहिल्या.

आतून आजोबांनी विचारलं, वाळली का?
नाही हो, म्हटलं.
ओलीच आहे अजून.