उतू न जाणारं

बावीस बदाम आणि मूठभर शेंगदाणे.
नुसत्या बदामाचं परवडत नाही.
रविवार कारंजावरचा दुकानदार पाव किलो तोलताना
काट्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघतो.

रात्री भिजत घातले.
सकाळी साडेपाचला नळ आला तेव्हा फुगून बसले होते.
दोन बोटांत धरून दाबला
की साल हातात, बदाम थेट ओट्याखाली.
"एकवीस राहिले," हे खुर्चीतून म्हणाले.
मोजायची सवय जात नाही.

यांना डॉक्टरांनी दूध बंद केलंय.
सव्वीस वर्षं ज्या माणसानं
सिडकोतली निम्मी घरं पहाटे उठवली,
त्रिमूर्ती चौकातल्या कुत्र्यांना ज्याची एम-एटी पाठ होती,
त्याच्या पोटाला आता कपभर सोसत नाही.
ऐकून आधी हसले.
मग दोन दिवस बोलले नाहीत.

शर्वरीनं फोनवर सांगितलं, आई, सोपं आहे,
मिक्सर, पाणी, फडकं.
फडकं कुठलं, ते नाही सांगितलं.
मी यांचंच काढलं,
कॅनच्या तोंडाला बांधायचे ते मलमल,
धुऊन धुऊन जाळी झालेलं,
कोपऱ्यात अजून एक पिवळट डाग,
कुठल्या म्हशीचा, कुठल्या सालचा.

पिळलं.
पांढरं आलं.
चोथा फडक्यात गोळा होऊन राहिला
वासराच्या नाकासारखा, गार आणि ओला.

हे उठले.
देवघराखालचा खण उघडला,
रुमालात गुंडाळलेला लॅक्टोमीटर काढला,
पातेल्यात सोडला.
बुडाला. बुडत गेला. टेकला तळाला.
"पाणी आहे," म्हणाले,
गोठेवाल्यांना म्हणायचे त्याच आवाजात,
ज्यानंतर कॅन परत जायचा.
"पाणीच आहे," मी म्हटलं,
"तीन वाट्या. मोजून घातलंय, चोरून नाही."
यावर त्यांना काही सुचेना.
लॅक्टोमीटर पुसत बसले.

मंद गॅसवर ठेवलं
आणि मी सवयीनं समोर उभी राहिले.
चाळीस वर्षं अशीच उभी आहे.
दाराची बेल वाजली तर "आले, आले" म्हणत
नजर पातेल्यावर.
शर्वरी पहिलं पाऊल टाकत होती तेव्हाही
मी अर्धं बघितलं, अर्धं दूध.
आणि नजर हलली की नेमकं तेव्हाच ते वर यायचं,
शेगडीवर, ओट्यावर, माझ्या दिवसावर.

हे वर येईना.
कडेला चार बुडबुडे, तेवढेच.
साय नाही, फुगणं नाही,
राग नसलेल्या माणसासारखं.
इथं उभं राहायचं कारणच नाही,
हे कळायला मला बराच वेळ लागला.

बाहेर येऊन बसले यांच्याशेजारी.
थंडी अशी की बोटं वाकेनात.
चोथ्याच्या चटणीसाठी लसूण सोलू लागले,
तर दोन पाकळ्या यांनी न मागता उचलल्या.
गल्लीतून कुणाची तरी गाडी गेली, कॅन खडखडत.
मान न वळवता म्हणाले,
"प्लग साफ करायला झालाय त्याचा."

वेलदोडा, चिमूटभर मीठ.
अर्धा कप प्याले.
"कसं आहे?"
"दूध नाही."
मग थोड्या वेळानं कप पुढे केला.
"खाली बसतंय. ढवळून दे."